गाडी बदला म्हणता, पण सामानाचं काय करायचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. गणपती तोंडावर आलेत, आणि दरवर्षी याच दिवसांत आपल्या लाईनवर जे दिसतं ते एकदा नीट मांडावं म्हणून लिहितेय.

आधी रेल्वेचा एक नियम सांगते, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर माणशी ३५ किलो सामान फुकट नेता येतं. स्लीपर आणि थर्ड एसीला ४०, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. म्हणजे साध्या तिकिटाच्या माणसाजवळ ३५ किलोपर्यंत ओझं असू शकतं, हे रेल्वेने स्वतःच धरून ठेवलंय. ३५ किलो म्हणजे किती? घरातला भरलेला गॅस सिलिंडर जेमतेम ३० किलोचा असतो.

आता तो सिलिंडर घेऊन स्टेशनच्या पुलावर चढा. विजेच्या तारांवरून पूल न्यायचा म्हणून तो उंच असतो, साधारण दोन मजले. चाळीसेक पायऱ्या वर, मग गर्दीतून पलीकडे, मग तितक्याच पायऱ्या खाली. आणि हे सगळं पाच-दहा मिनिटांत करा, कारण पुढची गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही. ती सुटली तर नंतरची कधी, ते विचारू नका.

तिकीट देताना ३५ किलो मंजूर, आणि स्टेशन बांधताना मात्र प्रवासी मोकळ्या हाताने येणार असं गृहीत. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, आणि तो कुणी बसवतही नाही. माझं म्हणणं सगळं एवढ्याभोवतीच आहे.

आपली लाईन, आपला प्रश्न

रोह्यापर्यंत रेल्वे आली १९८६ मध्ये. पुढे कोकण रेल्वे झाली, १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. तेव्हापासून आपण पेण-रोहेकर एका विचित्र जागी बसलोय. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, रोह्यापुढे कोकण रेल्वे. कोकणातल्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या पेणवरून धडधडत जातात आणि थांबत नाहीत. त्या पकडायच्या तर पनवेल गाठा. मुंबईकडे जायचं तर दिवा किंवा पनवेल गाठा. २०१८ मध्ये पेणला मेमू आली, आनंद झाला, पण तीही दिव्यापर्यंतच. थोडक्यात, पेणच्या माणसाला कुठेही जायचं तरी एकदा गाडी बदलावीच लागते.

बरं, पूर्वी निदान एक सोय होती. दादर-रत्नागिरी पॅसेंजर. (मुंबईतलं दादर हं, आपल्या खाडीकडचं नव्हे!) कोकणातला माणूस आपली पोती, पिशव्या, फणस, पोरंबाळं घेऊन एकदा डब्यात बसला की थेट दादरला उतरायचा. कोरोनात ती बंद झाली, आणि परत सुरू झाली ती दिव्यापासून. कारण काय दिलं? लोकलचं वेळापत्रक बिघडतं. सावंतवाडीची गाडीही दिव्यालाच.

कागदावर ही काही किलोमीटरची कपात आहे. प्रत्यक्षात काय झालं बघा. पहाटेपासून गाडीत बसलेला माणूस दिव्याला उतरतो, सामानासकट पूल चढतो आणि मुंबईच्या लोकलमध्ये घुसायचा प्रयत्न करतो. त्या लोकलमध्ये रोजच्या माणसाला हातात डबा घेऊन उभं राहता येत नाही. तिथे पोतं घेऊन येणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते इथे लिहीत नाही. त्यात त्या रोजच्या माणसाची चूक नाही, पोतंवाल्याचीही नाही. दोघांना एका दारात ज्याने आणून उभं केलं, त्याने याचा विचार करायला हवा होता.

दादरहून मध्यंतरी गोरखपूर-बलियासाठी विशेष गाड्या सुरू झाल्या, त्यावरून आपल्याकडे खूप आरडाओरडा झाला. माझं त्या प्रवाशांशी भांडण नाही. त्यांनाही घरी जायचंय, त्यांच्याजवळही बोचकी असतात. पण मग लोकलचं वेळापत्रक फक्त कोकणच्या गाडीनेच कसं बिघडतं, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे? ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मेल-एक्स्प्रेस आणि लोकल वेगळ्या करायच्या, म्हणूनच ती बांधली होती. कुर्ल्यापुढे त्या दोन मार्गिका अजून झालेल्या नाहीत, हे खरं. पण मग निदान कुर्ला टर्मिनसपर्यंत तरी आणा. दिव्यालाच का तोडता?

ओझं कुणाचं?

"एवढं सामान न्यायचंच कशाला?" असं विचारणारे भेटतात. चाकांची बॅग घेऊन फिरणारे असतात बहुतेक. त्यांच्यासाठी आपल्या लाईनवरचं सामान सांगते.

पहिलं, गणपती. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत आणि खुद्द पेण शहर, इथून मूर्ती कुठे कुठे जातात हे तुम्हाला मी काय सांगायचं. मोठा माल टेम्पो-ट्रकने जातो, परदेशात जाणारा तर काही महिने आधीच कंटेनरमध्ये बसतो. पण डोंबिवली-ठाण्याची कितीतरी कुटुंबं अजूनही स्वतः पेणला येतात, कारखान्यात बसून मूर्ती निवडतात आणि मांडीवर घेऊन गाडीने घरी नेतात. शाडूची मूर्ती म्हणजे वजन आहेच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे धक्का. ती डोक्यावर घेता येत नाही, खाली ठेवता येत नाही, एका हातात धरता येत नाही. दोन्ही हात गुंतलेत म्हणजे जिन्याचा कठडा धरता येत नाही. पावसाने पायऱ्या ओल्या. एक माणूस पुढे "जरा सरका, गणपती आहे" म्हणत, एक मागे छत्री धरून. एका पावलाची चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, घरात कितीतरी दिवस रुखरुख राहते.

दुसरं, आपल्या भाजीवाल्या. पहाटे रानभाज्या, काकड्या, शेंगा, केळीची पानं घेऊन ज्या बायका पनवेलकडे जातात, त्यांची पाटी म्हणजेच त्यांचं दुकान. दिवसाची सगळी कमाई त्या पाटीत. त्यांना "लगेज कमी करा" सांगणं म्हणजे "कमी कमवा" सांगण्यासारखं आहे.

तिसरं, आपली पाहुणचाराची पद्धत. पेणहून कुणी मोकळ्या हाताने गेलंय का कधी? पोहे, पापड, मिरगुंडं, वाल, सुकट, हंगामात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. मुलगी मुंबईला असो नाहीतर म्युनिकला, आई पिशवी भरतेच. त्या पिशवीवर हसू नका. त्यात पेणच्या किती घरगुती उद्योगांचं गिऱ्हाईक आहे, ते एकदा बाजारात उभं राहून बघा.

आणि चौथं ओझं दिसत नाही. वय. दुखरा गुडघा, बायपास झालेलं हृदय, सातवा महिना, कडेवरचं पोर. याला तिकिटावर किलो लावता येत नाहीत, पण जिना चढताना ते मोजलं जातं.

ही फक्त गैरसोय नाही

"थोडा त्रास होतो, चालायचंच" असं म्हणून सोडून देता येणार नाही अशी ही गोष्ट आहे. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोड-परळचा पूल. पाऊस, अरुंद जिना, दोन्हीकडून गर्दी. २३ माणसं गेली. नंतरच्या चौकशीत गर्दी आणि पावसाबरोबर लोकांजवळच्या मोठ्या बोज्यांचाही विषय निघाला. १५ फेब्रुवारी २०२५, नवी दिल्ली स्टेशन. १८ माणसं गेली. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या उत्तरात काय आहे? एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं खाली पडलं, जिन्यावर दाब वाढला, माणसं एकमेकांवर पडली.

म्हणजे डोक्यावरच्या ओझ्याने अनर्थ होतो, हे सरकारच सांगतंय. मग उपाय काय? ओझंवाल्याला दोष द्यायचा, की ओझ्यासकट सुखरूप जाता येईल अशी वाट करायची?

दुसरा धोका तर रोजचा. पूल उंच, सामान जड, गाडी समोर उभी. माणूस काय करतो? रूळ ओलांडतो. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, दंड आहे, कैदही आहे. तरी ओलांडतो. मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी जे बळी जातात, त्यांत रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा सगळ्यात मोठा असतो. ते सगळेच बेशिस्त होते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण चाळीस पायऱ्या वर आणि चाळीस खाली हासुद्धा एक कारणाचा भाग आहे, हे कुणी कबूल करत नाही.

तिकडे काय करतात?

आता युरोपाचं सांगते. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली जर्मनी, नेदरलँड्स, स्वित्झर्लंडला आहेत. आईवडील जाऊन येतात, तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा ओढत. विमानतळावरून मुलाच्या गावापर्यंत जायला तिथेही दोनदा गाडी बदलावी लागते. माझी मावसबहीण आणि तिचे यजमान जाऊन आले. दोघं साठीच्या पुढे. परत आल्यावर मी राजवाड्यांचं विचारलं, तर ताई स्टेशनांबद्दलच बोलत बसली!

तिकडे स्वर्ग आहे असं समजू नका. पॅरिसला एका स्टेशनवर उतरून दुसऱ्या स्टेशनवरची गाडी पकडायची असेल, तर मेट्रोने जावं लागतं, आणि तिथल्या बहुतेक जुन्या मेट्रो स्टेशनांत लिफ्ट नाहीच. बॅग घेऊन जिनेच जिने. लहान गावांतल्या स्टेशनांवरही पायऱ्या आहेत, बंद पडलेल्या लिफ्टही आहेत. आणि जर्मनीचा वक्तशीरपणा? २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या शंभरात बासष्ट-त्रेसष्ट. तेव्हा उगाच आरती ओवाळायला नको.

पण काही गोष्टी त्यांनी डोकं लावून केल्यात, आणि त्यांतल्या कित्येकांना पैसे फारसे लागत नाहीत.

स्वित्झर्लंडचं बघा. १९८२ पासून तिथे ठरावीक अंतराने गाड्या सुटायचं वेळापत्रक आहे. झुरिक, बर्नसारख्या मोठ्या स्टेशनांवर चारी दिशांच्या गाड्या थोड्या वेळाच्या फरकाने येतात, प्रवाशांना बदलायला पुरेशी मिनिटं देतात आणि मग एकापाठोपाठ सुटतात. म्हणजे गाडी बदलणं हा वेळापत्रकातला अपघात नसून वेळापत्रकच त्याभोवती बांधलेलं आहे. आपल्याकडे एक गाडी पोचते आणि समोर दुसरीचा शेवटचा डबा दिसतो.

जर्मनीत फलाटाचे अ, ब, क असे भाग पाडलेले असतात आणि कुठला डबा कुठल्या भागात येणार ते आधीच फलकावर असतं. बॅगवाला माणूस बरोबर त्या जागी उभा राहतो. गाडी पोचण्याआधी डब्यात सांगतात की पुढची जोडगाडी कुठल्या फलाटावरून, किती वाजता. शक्य असेल तिथे दोन्ही गाड्या एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लावतात. उतरा, दहा पावलं चाला, बसा. जिना नाही, लिफ्ट नाही, काही नाही.

तिथे पुलापेक्षा भुयारी वाटच जास्त दिसते. यामागे साधं गणित आहे. तारांवरून जायचं तर दोन मजले चढा, रुळांखालून जायचं तर माणसाच्या उंचीइतकंच उतरा. जवळजवळ निम्म्या पायऱ्या. आपल्याकडे भुयारात पावसाचं पाणी साचतं, ही अडचण खरीच आहे, कोकणातला पाऊस म्हणजे कोकणातला पाऊस. म्हणून सरसकट भुयारं खणा असं मी म्हणणार नाही. पण मग पुलाला उताराची वाट द्या, लिफ्ट द्या आणि ती चालू ठेवा.

आणि जबाबदारीचं काय? युरोपीय संघाचा सुधारित नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. एकाच तिकिटावरचा प्रवास असेल आणि पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर प्रवाशाला मुक्कामी पोचवायची जबाबदारी रेल्वे कंपनीची. आपल्याकडेही थोडं काही आहे बरं का. १ एप्रिल २०१९ पासून दोन आरक्षित तिकिटांचे पीएनआर जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर राहिलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. पनवेलला गाडी बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पण पॅसेंजर-मेमूच्या साध्या तिकिटवाल्याला यातलं काहीच नाही. त्याची गाडी चुकली तर ती त्याची चुकली.

चार आक्षेप, चार उत्तरं

"सामान कमी न्या." वर लिहिलंय. आणि ३५ किलोची परवानगी रेल्वेची आहे, माझी नव्हे.

"मग एसटीने जा, गाडी करून जा." मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर काम २०११ ला सुरू झालं. त्यावर पुढे काही लिहायची गरज आहे का? गणपतीत त्या रस्त्याने जाणाऱ्याला विचारा. शिवाय खासगी गाडीवाले सणात काय भाडं घेतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. रेल्वे ही गरिबाची गाडी आहे, तिलाच सोयीची करा.

"हमाल करा." मोठ्या स्टेशनवर ठीक. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांचं नाव 'सहायक' झालं, मान मिळाला, चांगलंच झालं. पण कासू, निडी, जिते, हमरापूर इथे सहायक कुठून आणायचा? आणि मेमूचं तिकीट किती, सामान उचलायची मजुरी किती? भाजीवालीला ते परवडणार का?

"पैसा नाही." हे तर मुळीच पटत नाही. कोकण रेल्वेच्या कितीतरी स्टेशनांचे दर्शनी भाग राज्य सरकारने सुशोभित केले, २०२४ मध्ये उद्घाटनं झाली. कमानी छान आहेत, फोटो काढण्यासारख्या आहेत. पण प्रवासी कमानीखाली दोन मिनिटं असतो आणि फलाटावर दोन तास. पैसा आधी कमानीला की फलाटावरच्या छपराला, हा निवडीचा प्रश्न आहे.

इथे मला मधू दंडवत्यांची आठवण होते. कोकणचा खासदार, १९७७ ला रेल्वेमंत्री झाला. त्यांनी काय केलं? दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर फोमची गादी घातली. दोन इंचांची गोष्ट. पण देशातल्या कोट्यवधी साध्या माणसांची पाठ रात्रभर सुखावली. कुठलंही भव्य उद्घाटन लोकांच्या लक्षात नाही, ती गादी आहे. सामानवाल्या माणसासाठी आज अशीच दोन इंचांची बुद्धी हवी आहे.

मग मागायचं काय?

नुसती ओरड नको, म्हणून यादी देते.

१. दिवा आणि पनवेलला पेण-रोह्याच्या गाड्या शक्य तिथे अशा फलाटावर घ्याव्यात, की जोडगाडी समोरच किंवा त्याच फलाटावर मिळेल. याला सिमेंट लागत नाही, नियोजन लागतं. निदान गणपती, होळी आणि मे महिना, एवढे दिवस तरी करून दाखवा.

२. मेमू आणि तिला जोडणारी गाडी यांच्यात सामानासकट बदलता येईल इतका वेळ ठेवा. तरण्याताठ्या, मोकळ्या हाताच्या माणसाने पळत जाऊन मोजलेली मिनिटं नकोत. सत्तरीच्या माणसाने पिशवी घेऊन चालून बघितलेली मिनिटं हवीत.

३. फलाट आयत्या वेळी बदलू नका. बदललाच तर पूल ओलांडायला पुरेल इतक्या आधी सांगा. मराठीत, स्पष्ट, दोनदा.

४. लिफ्ट आणि सरकता जिना बंद असेल तर तिथेच पाटी लावा: कधीपासून बंद, कधी सुरू होणार, जबाबदार कोण. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की स्टेशन सगळ्यांना वापरता आलं पाहिजे. बंद लिफ्ट म्हणजे तो कायदा बंद.

५. नवा पूल बांधताना उताराची वाट हवीच. जुन्या पुलांच्या जिन्याला कडेने चाकाच्या बॅगेसाठी अरुंद घसरण बसवता येते, ती बसवा.

६. मेमूच्या दारापेक्षा फलाट बराच खाली असतो. मुंबईत २०१४ च्या घाटकोपर अपघातानंतर उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे फलाट उंच झाले. पेण-रोह्याच्या माणसाचे हातपाय मुंबईच्या माणसाइतकेच मोलाचे आहेत.

७. भाजी-मासळीवाल्यांसाठी मेमूत मालडब्याची जागा ठळक खुणेने राखा, म्हणजे पाटीवाली आणि कामावर जाणारा एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत.

८. रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा मुंबईत न्या. सगळ्यात सोपी गाडीबदल म्हणजे जी करावीच लागत नाही ती. आणि तोपर्यंत पेणला आणखी काही गाड्यांना थांबा द्या. पनवेलची एक फेरी वाचली तरी पूल वाचतो.

आता एक अवघड गोष्ट. रोह्याला दोन रेल्वेंची हद्द लागते, त्यामुळे कुठलाही प्रश्न नेला की हा त्यांचा, तो यांचा, असं होतं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. विलीनीकरण चांगलं की वाईट, यावर वाद घालता येईल. पण त्याच्या चर्चेत कर्ज आणि हिस्सेदारी आली तशी हीसुद्धा गोष्ट आली पाहिजे, की रोह्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गाड्यांचं वेळापत्रक एकाच टेबलावर बसून करा. नाहीतर पाट्या बदलतील आणि आपण तिथेच पुलावर.

आपण काय करू शकतो?

विभागीय रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्या असतात, त्यांच्या बैठका होतात, तिथे लेखी प्रश्न जातात. खासदारांच्या पत्राला वजन असतं. आणि १३९ वर किंवा रेलमदद ॲपवर केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो, तो पुढे दाखवता येतो. आपण गाडीत एकमेकांजवळ तक्रार करतो आणि स्टेशन आलं की विसरतो, त्याचा मात्र कुठेच क्रमांक लागत नाही.

म्हणून एक काम करूया. येत्या महिन्यात तुम्ही ज्या स्टेशनवर गाडी बदलाल, तिथल्या पुलाच्या पायऱ्या मोजा. खरंच मोजा, चढताना तोंडाने आकडा म्हणत. लिफ्ट आहे का, चालू आहे का, एका गाडीतून उतरून दुसरीत बसेपर्यंत किती मिनिटं लागली, हातात काय होतं, ते कमेंटमध्ये लिहा. फोटो टाकताना दुसऱ्या प्रवाशांचे चेहरे येऊ देऊ नका. शंभर नोंदी जमल्या की त्यांचं निवेदन करून मी स्वतः द्यायला जाईन, सोबत येणाऱ्यांनी सांगा. "फार त्रास होतो" या वाक्याला साहेब मान डोलावतात. "अमुक स्टेशन, ८४ पायऱ्या, लिफ्ट बंद, हातात गणपती" याला त्यांना उत्तर द्यावं लागेल.

आणि निवेदनात वरच्या ओळीत एकच मागणी लिहूया. जो अधिकारी आपल्या स्टेशनची पाहणी करायला येईल, त्याने ३५ किलो घेऊन यावं. नियमात बसतं.